जपून ठेवलेली नोंद

आपल्या सोलापुरातील जीवराज जैन ग्रंथमालेने १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन यांनी तो जुन्या हस्तलिखितांवरून संपादिला. ती पाने पिढ्यान्‌पिढ्या नकलून जपणाऱ्यांना ती पुढे कोणाच्या उपयोगी पडतील, हे ठाऊक नव्हते. आकाशविज्ञानातील एका अलीकडच्या शोधाने त्यांचे स्मरण झाले.

सूर्याहून कितीतरी जड तारा अखेरीस कोसळतो, तेव्हा त्याचा गाभा सुमारे २० किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात आकसतो. हाच न्यूट्रॉन तारा. तो स्वतःभोवती फिरताना त्याच्या रेडिओलहरींचा झोत दीपगृहाच्या प्रकाशासारखा आपल्यावरून जातो. ही फेरी बहुधा काही सेकंदांत वा त्याहूनही लवकर पुरी होते. गती फार मंदावली की झोत विझतो, असे शास्त्रज्ञ मानत आले.

२०२२ साली ऑस्ट्रेलियातील मर्चिसन दुर्बिणीतून नताशा हर्ले-वॉकर यांच्या पथकाला मात्र दर २२ मिनिटांनी स्पंदणारा एक स्रोत आढळला. पथकाने मग इतर दुर्बिणींची जुनी दप्तरे उघडली. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या, ३० अँटेनांच्या ‘जीएमआरटी’च्या नोंदींत तो सापडला, अमेरिकेतील ‘व्हेरी लार्ज अरे’च्या नोंदींत तर थेट १९८८ पासून. तीन दशकांहून अधिक काळ तो संदेश येत होता, टिपलाही जात होता. ओळखला मात्र कोणी नव्हता.

या जुन्या नोंदींमुळेच उमगले की, इतक्या वर्षांत त्या स्पंदांची लय जवळजवळ मंदावलेलीच नाही. तो न्यूट्रॉन तारा मानला, तर नुसत्या फिरण्यातून इतक्या प्रखर लहरींना पुरेल एवढी ऊर्जा मिळत नाही. म्हणून काहींनी त्यास मॅग्नेटार, म्हणजे सामान्य स्पंदकाच्या सुमारे हजारपट चुंबकत्व असलेला न्यूट्रॉन तारा, मानले. काही अभ्यासक श्वेत बटूकडे बोट दाखवतात. हा वाद पुढे नेण्यासही त्याच नोंदी साहाय्यभूत ठरत आहेत.

ज्याचा अर्थ आज लागत नाही, तेही नीट जपावे, हे खोडदच्या दप्तराने दाखविले. आपल्याही घरी माळ्यावर आजोबांच्या वह्या, जुनी पत्रे, एखादी पोथी असेल. यंदाच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उघडून पाहावी, आणि तरीही अर्थ न लागल्यास कोरड्या कापडात बांधून ठेवावी.