घरखाते बेंगळुरूला पोहोचले

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि इलेक्ट्रॉनिक सिटी, व्हाइटफील्ड येथील कचेऱ्या काही दिवसांतच कर्मचाऱ्यांच्या घरी येऊन बसल्या. तेव्हापासून मालकवर्गाचा एकच उपदेश चालू आहे : जुळवून घ्या! पाठ ताठ ठेवा, मधून मधून उठा, प्राणायाम करा, वेळेचे नियोजन शिका. या विषयावर व्याख्याने ठेवायला कंपन्यांकडे पैसा असतो. खुर्ची, टेबल आणि विजेचे बिल यांचा विषय निघाला की मात्र व्याख्याते गप्प!

घरून काम नकोच, असे आमचे म्हणणे नाही. आउटर रिंग रोडवर रोज दोन-दोन तास गाडीत अडकून पडण्याची हौस कोणाला आहे? पण वाचलेले ते दोन तास कोणाच्या पदरात पडले, हा आमचा प्रश्न आहे. सकाळी नऊला सुरू झालेले काम रात्री अमेरिकेतील ग्राहकाच्या बैठकीने संपते. पुण्या-सोलापूरहून गेलेली आपली मुले तिघे-चौघे मिळून दोन खोल्या भाड्याने घेतात. त्यांतली एक खोली आता कंपनीची झाली आणि भाडे मुलांनीच भरायचे. नोकरदार स्त्रीला तर स्वयंपाकघर आणि संगणक अशा दोन्ही पाळ्या एकाच छपराखाली.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. सोलापूर, संगमनेर आणि सीमेवरच्या निपाणीतील बिडी कामगार स्त्रिया तिला घरखाते म्हणून ओळखतात. पान-तंबाखू मोजून घ्यायची, घरी बिड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या. मालकाच्या माणसाला पसंत नसतील त्या बिड्या छाट म्हणून बाजूला, आणि त्यांची मजुरी बुडाली. कायदा दाखवला की मालक म्हणत, या बायका आपल्या घरी, आपल्या सवडीने काम करतात, त्या आमच्या कामगार कशा? १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, तेव्हा मालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला. तयार माल नापसंत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजेच कामावर ताबा त्याचा आहे, म्हणून घरी बिड्या वळणारीही त्याचीच कामगार, असा निकाल लागला. अक्षरओळख नसलेल्या हजारो स्त्रियांनी संघटनेच्या बळावर हे हक्क वापरून दाखवले.

बिडी मालकाचा माणूस दिवसातून एकदा माल पाहत होता. संगणकावर बसलेल्याची हालचाल मिनिटामिनिटाला नोंदवता येते. ताबा तिप्पट झाला. मग जबाबदारी का उडाली?

याचे अर्धे उत्तर आमच्या शिकलेल्या बांधवांना कडू लागेल. ‘आम्ही प्रोफेशनल, युनियन आम्हाला कशाला?’ या रुबाबाची किंमत त्यांनी मोजली आहे. कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये माहिती तंत्रज्ञान उद्योगाला १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातून सूट दिली, ती २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वाढवली. २०२४ च्याच जुलैमध्ये कामाचा दिवस १४ तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला. राज्याच्या १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मर्यादा ९ तासांची! कर्नाटक राज्य आयटी कर्मचारी संघटना, म्हणजे किटू, हिने त्याविरुद्ध आवाज उठवला. २०२५ च्या जूनमध्ये तोच डाव जादा कामासह १२ तासांच्या रूपाने परत आला. घरी बसलेल्याचे तास मोजणार कोण, हे कोणत्याच प्रस्तावात नव्हते.

दिल्लीची तऱ्हा वेगळी नाही. सेवाक्षेत्रासाठी २०२० च्या अखेरीस निघालेल्या नमुना स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आला खरा, पण मुदत ठरवायची मालकाने! २१ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रमसंहिता अमलात आल्या आणि बिडी कामगारांचा १९६६ चा कायदाही त्यांच्या पोटात गेला. सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्याची व्याख्या आहे. ती करून त्याला असंघटितांच्या कल्याण योजनांच्या रांगेत उभे केले आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्येच गृहकामाविषयी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. घरी काम करणाऱ्याला इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक द्या, असे तो सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. त्याच वर्षीच्या १८४ क्रमांकाच्या शिफारशीत तर वीज, पाणी, दळणवळण आणि यंत्रांची देखभाल यांचा कामापुरता खर्च कामगाराला भरून द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. कामाबाहेरच्या वेळी मालकाचा फोन नाकारण्याच्या हक्कासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

तेव्हा पुढच्या मागणीपत्रात प्राणायामाचे वर्ग नकोत. भाडे, वीज आणि इंटरनेट यांचा दरमहा भत्ता हवा, कामाची वेळ संपल्यावर यंत्र बंद करण्याचा लेखी हक्क हवा, जादा तासांचे दुप्पट वेतन हवे. कंपनीकडे जमा होणाऱ्या हजेरीच्या नोंदींची प्रत कामगाराला दर आठवड्याला मिळालीच पाहिजे. ती मिळेपर्यंत प्रत्येकाने आपले तास स्वतःच्या वहीत तारीखवार लिहून ठेवावेत. निपाणीच्या बाया मजुरीचे आकडे असेच मागून घेत.