परतीचा हक्क फक्त शवपेटीला

युद्धावरून घरी परतणारा योद्धा हा महाकाव्यांचा जुना विषय. ओडिसियसला इथाका गाठायला दहा वर्षे लागली. पण इथाकाच्या कायद्याने त्याची वाट अडवली नव्हती. अमेरिकेच्या हद्दपार माजी सैनिकांची वाट कायद्यानेच अडवली आहे, आणि ‘कायदा तो कायदा’ म्हणून या प्रश्नाची बोळवण करणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

हेक्टर बाराहास अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये होते. गुन्हा घडला, शिक्षा त्यांनी भोगली आणि त्यानंतर २००४ साली त्यांना मेक्सिकोत पाठवण्यात आले. २०१३ साली तिहुआनात त्यांनी आपल्यासारख्यांसाठी आधारगृह उघडले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी त्यांना माफी दिली. २०१८ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. पण माफी ही कृपा आहे, हक्क नव्हे.

गुन्ह्याला शिक्षा नको, असे आम्ही म्हणत नाही. तोच गुन्हा करणारा नागरिक-सैनिक तुरुंगातून घरी जातो. बिगर-नागरिकाला दुसरी शिक्षा होते, आणि तिला मुदत नसते. १९९६ च्या कायद्याने ‘गंभीर गुन्हा’ या संज्ञेची व्याप्ती वाढवली, ती जुन्या गुन्ह्यांनाही लावली आणि अशा खटल्यांत सैन्यसेवा विचारात घेण्याचा न्यायाधीशांचा अधिकार काढून घेतला.

‘मग नागरिकत्वाचा अर्ज का केला नाही?’ असे विचारले जाते. सैन्यात शपथ घेतली म्हणजे आपण नागरिक झालो, असे यांतील अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. अज्ञानाचा हा दोष एकट्या सैनिकाच्या माथी मारता येत नाही. अशा व्यक्तींची सैन्यसेवा तपासण्याचे स्वतःचेच नियम स्थलांतर खाते सातत्याने पाळत नाही, हे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१९ मध्ये नोंदवले.

आमचा मतभेद सहानुभूतीदारांशीही आहे. ‘ते वीर आहेत, म्हणून त्यांना परत आणा’ ही भाषा आम्हाला अपुरी वाटते. ज्याला पदक नाही, जो व्यसनात बुडाला, त्याचे काय? राज्यसंस्थेने सेवा घेतली, तेव्हाच तिच्यावर ऋण चढले. ते फेडताना शौर्याचे दाखले मागू नयेत.

सन्मानाने सेवामुक्त झालेल्या अशा सैनिकाला मृत्यूनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने जागा मिळू शकते. जिवंतपणी जी सरहद्द बंद, ती शवपेटीसाठी उघडते. मृत सैनिकापुढे ध्वजाची घडी करणाऱ्या देशाने जिवंत सैनिकाला दार उघडावे, एवढीच आमची मागणी आहे.