सल्ला देणारा विकतो काय?

बंगळुरूच्या बनशंकरी थर्ड स्टेजमधल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला पहिल्या मोठ्या कामाआधीच प्रश्न पडतो: कामाची पद्धत कोणती, स्क्रम, कानबान की जुना वॉटरफॉल? सल्ला देणारे ढिगाने भेटतात. त्यांतले बरेच जण यांपैकीच एखाद्या पद्धतीचे वर्ग घेतात, नाहीतर टूल विकतात. स्क्रम मास्टरचे एक लोकप्रिय सर्टिफिकेट दोन दिवसांच्या वर्गानंतर परीक्षा देऊन मिळते आणि दर दोन वर्षांनी पैसे भरून त्याचे नूतनीकरण करावे लागते. ज्याचे पोट यावर चालते, तो ‘तुम्हाला हे नको’ असे क्वचितच म्हणेल.

पद्धतीच्या शिक्क्यामागे धावण्याचा अनुभव बंगळुरूला नवा नाही. अमेरिकी संरक्षण खात्याला कंत्राटदार पारखता यावेत म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेने सीएमएम हे कामाच्या शिस्तीचे मोजमाप बनवले. मोटोरोलाचे बंगळुरू केंद्र 1990 च्या दशकातच त्याच्या सर्वोच्च, पाचव्या पातळीवर पोहोचले आणि पुढे इथल्या कंपन्यांत त्यासाठी चढाओढ लागली. कामाला शिस्त आली, परदेशी ग्राहकांचा विश्वासही बसला, हे मान्यच. पण दहा जणांच्या कंपनीला एवढी कागदपत्रे झेपतील का?

मूळ लिखाण न वाचणे तर फारच महागात पडते. वॉटरफॉलचे जनक म्हणून विन्स्टन रॉइस यांचे नाव घेतात. त्यांच्या 1970 च्या निबंधात पायरीपायरीने उतरणारी ती आकृती आहे खरी. पण लगेच पुढे ते बजावतात, की असे काम करणे धोक्याचे आहे, ते अपयशाला आमंत्रण देते. नवे काम असेल तर आधी छोटा नमुना करून पाहा, ग्राहकाला सोबत घ्या, असेही ते सांगतात. त्यांच्या नावावर खपली मात्र नुसती आकृती.

बॅरी बोहम आणि रिचर्ड टर्नर यांनी 2003 च्या पुस्तकात पाच गोष्टी तपासायला सांगितल्या: टीम केवढी, चूक झाली तर नुकसान किती, मागण्या किती बदलतात, माणसे किती तयारीची, आणि त्यांना मोकळीक मानवते की चौकट. दर्शिनी हॉटेलातल्या ऑर्डरचे ॲप बिघडले तर इडली उशिरा येईल. सलाइनच्या पंपातली चूक रुग्णाच्या जिवावर बेतेल. दोन्हींना एकच पद्धत कशी चालेल?

मग विचारायचे कुणाला? थर्ड स्टेजमध्येच पीईएस विद्यापीठ आहे, तिथे शिकवणारे आहेत. निवृत्त प्रोजेक्ट मॅनेजरही या शहरात कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणतीही पद्धत न विकणारा माणूस शोधा आणि उत्तर काहीही आले तरी ठरलेली फी द्या. तुम्ही सुचवता ती पद्धत कुठे फसली आणि कोणत्या कामाला तुम्ही ती नको म्हणाल, हे त्याला आधी विचारा. सरळ उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका.