ओटी रिकामी, म्हणून बाई रिकामी नव्हे



लग्नाला वर्ष झाले की साऱ्या गल्लीचे डोळे सुनेच्या पोटाकडे लागतात. "काही आहे का गं?" हा प्रश्न पाण्याच्या नळावर, शेताच्या बांधावर, लग्नाच्या मांडवात तिचा पिच्छा सोडत नाही. दोन वर्षे गेली की डोहाळजेवणाचे बोलावणे बंद होते. तिसऱ्या वर्षी नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबुज सुरू होते. तपासणी मात्र एकट्या तिचीच!

आमच्या समाजाला गाण्याने जागे केले. जलसे, कव्वाल्या, कॅसेट आणि आता मोबाईल. आम्ही पाळणे गायिले, भीमाई आणि रमाई या मातांची गाणी गायिली. ते योग्यच. पण जी आई झाली नाही, तिचे गाणे कुठे आहे?

सन २००० मध्ये 'मन के मंजीरे' या गाण्याचा व्हिडिओ टीव्हीवर आला होता. आवाज शुभा मुद्गल यांचा. मारझोडीचे घर सोडून ट्रक चालवणारी बाई त्यात दिसली. बाईच्या दुःखावर पडद्यावरचे गाणे बोलू शकते, हे त्याने दाखवले. अलीकडे औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि त्यांचे व्हिडिओ घरोघरी पोहोचतात. त्यांच्या गाजलेल्या गाण्यात ओटीचा मान आहे. पण ती ओटी भीमाने भरलेली आहे. ते गाणे मूल न होणाऱ्या बाईवर नाही, हे खरे. तरी आम्हाला त्यातून एक वाट दिसते. ओटी लेकरानेच भरते असे नाही. शिक्षणाने, मानानेही भरते.

आपल्या बीड जिल्ह्यात तर या प्रश्नाची धार जास्तच. कारखान्याला 'कोयता' लागतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. म्हणून पोरींची लग्ने लवकर. मग मूल लवकर, आणि तेही मुलगाच हवा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे येथे मुली होत्या फक्त ८०७. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते, पण बोल आईला! लेकरे झाली की पाळीमुळे खाडा नको, मजुरी बुडायला नको, म्हणून पिशवीच काढायची. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मूल कधी, किती, पिशवी ठेवायची की काढायची, हे सासू ठरवते, मुकादम ठरवतो, डॉक्टर ठरवतो. जिचे शरीर, तिला कोणी विचारीत नाही.

सावित्रीबाईंना मूल नव्हते. घरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तो जोतीरावांनी साफ नाकारला. एका विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात माय-लेकांनी रोग्यांची सेवा केली आणि त्यातच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. त्या माउलीला वांझ म्हणण्याची कोणाची छाती आहे?

बाबासाहेबांच्या पक्षातर्फे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो मांडला रोहम यांनी. ठराव मंजूर झाला नाही. पण १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना पुन्हा तेच बजावले की लग्नाची घाई करू नका, पोरांचे लेंढार वाढवू नका. बाळंतपणाचा निर्णय बाईच्या हाती असावा, हा विचार आमच्या घरातलाच आहे.

तेव्हा समाजबांधवांनो, तीन गोष्टी करा. मूल होत नसेल तर आधी दोघांची तपासणी करा. पुरुषाची तपासणी सोपी असते. नामकरणाला मूल नसलेल्या भगिनीला पुढे बसवा, बाळ तिच्या मांडीवर द्या. आणि गायन पार्ट्यांनी, मोबाईलवर व्हिडिओ करणाऱ्या पोरांनी येत्या जयंतीला एक तरी गाणे अशा भगिनीसाठी रचावे.

आणि सासूबाईंनो, उद्या सुनेला "काही आहे का?" असे विचारू नका. "तुला काय हवे?" एवढेच विचारा.