बैलाच्या शिंगाचा कर्करोग व जनुकोपचार

शेतकऱ्याचें अर्धें भांडवल गोठ्यांत उभें असतें. परंतु त्यास लागणाऱ्या कर्करोगाचा विचार आमच्या सभांतून क्वचितच होतो. गांवोगांव ट्रॅक्टर आले हें खरें. तथापि लहान खातेदाराची मशागत अद्याप पुष्कळ ठिकाणीं बैलांवरच चालते, आणि शिंगाचा कर्करोग विशेषेंकरून बैलांतच आढळतो.

साधारणतः पांच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या वयांतील बैलास हा रोग जडतो. शिंगाच्या पोकळींतील आवरणांत तो मूळ धरतो. जनावर डोकें झाडतें, शिंग खुंट्यास घासतें, त्या बाजूच्या नाकपुडींतून रक्तमिश्रित स्राव येतो, आणि पुढें शिंग ढिलें पडून झुकतें. शिंग मुळापासून कापणें व व्हिन्क्रिस्टीन हें औषध शिरेंतून देणें हे उपाय पशुवैद्य करतात. वेळीं केल्यास गुणही येतो. उशीर झाला म्हणजे मात्र बैल चारा सोडतो व खंगत जातो.

ह्या खंगण्यावर परदेशांत जनुकोपचार योजून पाहिला गेला आहे. जनुक म्हणजे पेशीच्या दप्तरांतील मूळ नोंद. कर्करोगानें क्षीण झालेल्या कुत्र्यांवरील अमेरिकेंतील एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वाढीच्या संप्रेरकास चालना देणारें जनुक सुईनें स्नायूंत घालून वर विजेचे लहान झटके दिले. मूळ दप्तरांत फेरफार न करतां स्नायूच्या पेशींस जणूं एक जादा हुकूम दिला गेला, आणि जनावरांची प्रकृति सुधारल्याचें दिसलें. हा उपचार गांठ मारीत नाहीं; रोग्यास टिकवून धरतो. ह्याच तत्त्वावरील औषधास ऑस्ट्रेलियानें २००८ सालीं डुकरिणींकरितां परवानगी दिली.

कोणी म्हणेल, बैलाच्या किमतीहून औषध महाग पडेल. हा आक्षेप पोकळ नाहीं. मनुष्याच्या रक्ताच्या कर्करोगावरील नेक्सकार-१९ हा जनुकोपचार मुंबईची आय. आय. टी. व टाटा मेमोरियल ह्यांनीं परदेशच्या सुमारें दशांश खर्चांत सिद्ध केला, व त्यास ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारी मान्यता मिळाली. तरी तोही लाखांच्या घरांत जातो. परंतु तो प्रत्येक रोग्याच्या पेशी काढून निराळा तयार करावा लागतो. स्नायूंत टोचावयाच्या औषधाचें तसें नाहीं. एकदां केलेला साठा पुष्कळांस पुरतो.

टाटा रुग्णालय परळास, आणि १८८६ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालयही परळासच. गुजरातेंत आणंद येथील कृषि विद्यापीठांत शिंगाच्या कर्करोगांतील जनुकांचा अभ्यास झालेला आहे. विद्या आहे, शेजार आहे. उणीव आहे ती बैलाकरितां मागणी करणाराची. कुत्र्याचा धनी शहरांत राहतो, त्याचा आवाज ऐकूं जातो. बैलाच्या धन्यानें संघाच्या द्वारें बोललें पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक शाखेनें गांववार वही ठेवून शिंगाच्या कर्करोगाच्या बैलाचें वय, रोगाची बाजू, केलेला उपचार व परिणाम लिहावा, आणि वर्षअखेर ती माहिती सरकारकडे धाडून बैलांवरील प्रयोगास पैसा मागावा. ज्याची नोंद नाहीं त्यास तरतूद नाहीं, हें महसुली दप्तरांत आयुष्य घालवून आम्ही पुरतें जाणतों.

तोंवर नाकपुडींतील रक्त दिसतांच घरगुती लेपांत दिवस न दवडतां बैल दवाखान्यांत न्यावा, हीच सर्व बंधूंस विनंति.