बालसंगोपन : तान्ह्या बाळाचीं पांच ज्ञानेंद्रियें

सांगलीच्या एका भगिनीनें पत्र पाठवून विचारलें आहे कीं, तिच्या चार महिन्यांच्या मुलाच्या ज्ञानेंद्रियांचा विकास व्हावा म्हणून कोणतीं खेळणीं मागवावीं? घर गांवभागांतलें, माणसें अकरा. मूल खालीं ठेवावयास कोणी तयार नाहीं, आणि तें रडूं लागलें कीं कोणी तरी त्याच्या डोळ्यांपुढें मोबाइल धरतें. सासूबाईंचा आग्रह काजळाचा व मधांतल्या गुटीचा. सूनबाईंची ओढ परदेशी रंगीत तक्त्यांकडे. हें पत्र एकीचें नसून अनेकींचें आहे, म्हणून त्याचें उत्तर येथें देत आहों.

खेळण्यांवर एक पैसाहि खर्च करण्याचें कारण नाहीं. माँटेसरीबाईंनीं १९०७ सालीं रोमच्या मजूरवस्तींत बालगृह काढलें, तेव्हां इंद्रियशिक्षणासाठीं मोजूनमापून घडविलेलीं साधनें वापरलीं. परंतु तीं तीन वर्षांच्या पुढील मुलांसाठीं होतीं. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. तेथें शिंपले, बिया, पानें आणि खडे यांवरच हें शिक्षण उभें राहिलें. तान्ह्या बाळाला तर याहूनहि थोडें पुरतें. जें हवें तें त्याच्या भोंवतीं अगोदरच मांडलेलें असतें. मोठ्यांनीं मध्यें न येणें एवढेंच काय तें अवघड.

जन्मतः पांचहि इंद्रियें सारखींच तयार नसतात. दृष्टि सर्वांत मागें असते. नवजात बाळास वीतभर अंतरावरचें, म्हणजे पाजतांना आईचें तोंड जितक्या अंतरावर असतें तेवढ्यावरचेंच, बरें दिसतें. त्यापलीकडे सारें धूसर. म्हणून पाळण्यावर उंच टांगलेल्या रंगीत चिमण्या पहिल्या महिन्यांत मोठ्यांच्याच करमणुकीच्या. तीन-चार महिन्यांनीं रंग चांगले उमगूं लागले, कीं आजीच्या इरकली लुगड्याचा कांठ कोणत्याहि परदेशी तक्त्यास हार जाणार नाहीं.

कान मात्र गर्भांतच जागे होतात. १९८० सालीं अमेरिकेंत दोन संशोधकांनीं तीन दिवसांच्या आंतील अर्भकांना चोखणी देऊन अशी योजना केली कीं, एका तऱ्हेनें चोखल्यास आईचा आवाज ऐकूं यावा व दुसऱ्या तऱ्हेनें परक्या स्त्रीचा. बहुतेक अर्भकांनीं आईचा आवाज मिळेल अशीच तऱ्हा धरली. तेव्हां ओवी म्हणणाऱ्या आईचा सूर मिरजेच्या तंबोऱ्याशीं जुळो वा न जुळो, बाळाला दुसरा गवई नको असतो. त्याला नको असतो तो गोंगाट. दूरचित्रवाणी दिवसभर चालू असेल, तर त्या गलबल्यांतून एकेक शब्द वेगळा काढणें त्यास कठीण जातें.

स्पर्शाच्या बाबतींत आपली घरें श्रीमंत आहेत. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, दिवस पूर्ण न भरतां जन्मलेल्या मुलांच्या अंगावरून रोज तीन वेळां पंधरा पंधरा मिनिटें हात फिरविला गेला. दहा दिवसांत असें दिसलें कीं, त्यांचें वजन इतरांपेक्षां दररोज शेंकडा ४७ अधिक वाढत होतें. न्हाऊ घालणाऱ्या बाईंचें महत्त्व आपल्या आजीबाईंस या आंकड्यावांचूनहि ठाऊक होतें. मात्र कोवळी कातडी पिठानें खरखरून घासूं नये. नाकांत व कानांत तेल सोडणें तर कायमचेंच बंद करावें. नाकांतलें तेल फुप्फुसांत उतरून तेथें दाह उत्पन्न करतें. न्हाण्यानंतरची धुरीहि नको. छातीला धूर तो धूरच, मग तो वेखंडाचा असो वा ओव्याचा.

आतां खालीं ठेवण्याविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें सुचविलें आहे कीं, रांगूं न लागलेल्या मुलास जागेपणीं दिवसभरांत मिळून निदान अर्धा तास पालथें ठेवावें, आणि वर्षाच्या आंतील मुलापुढें कसलाहि पडदा धरूं नये. सतरंजीवर एक धुवट गोधडी पसरावी, बाळास पालथें घालावें, आणि जवळ एकच वस्तु ठेवावी : आज लांकडी पळी, उद्यां गार वाटी, परवां खणाचा तुकडा. कडेवरून कडेवर फिरणाऱ्या मुलाला शहाबादी फरशीचा गारवा कसा कळणार? पळी तोंडांत गेली कीं चार कंठांतून "शी, शी" निघतें. पण या वयांत ओंठ आणि जीभ हींच त्याचीं बोटें आहेत. वस्तु स्वच्छ असावी व गिळतां येण्याजोगी नसावी. सव्वा इंच व्यासाच्या नळींत जी वस्तु मावेल ती बाळाच्या हातीं देऊं नये. फुटाणे, शेंगदाणे, नाणीं आणि विशेषतः घड्याळांतल्या चपट्या विजेऱ्या जमिनीवर राहिल्या नाहींत ना, हें रोज पाहावें. अकरा माणसांच्या घरांत हें काम एकाच व्यक्तीकडे असावें. सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे.

वासाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. आठवड्याभरांत बाळ आईच्या दुधाचा वास ओळखूं लागतें, म्हणून आईनें उग्र अत्तर लावूं नये. सांगलीकरांनीं हळदीचा व साताराकरांनीं पहिल्या पावसांतल्या अजिंक्यताऱ्याच्या मातीचा वास त्यास सहज घेऊं द्यावा. उदबत्ती नाकाशीं नेण्याचें कारण नाहीं.

रुचीची घाई करूं नये. सहा महिने पुरे झाल्यावर उष्टावण करावें. तोंवर दूधच; आईनें खाल्लेल्या पदार्थांच्या चवी त्यांतूनहि पोंचतात. वर्षाच्या आंत मधाचें बोटहि नको, कारण त्यांतल्या जंतूंचे बीजाणु अर्भकाच्या आंतड्यांत रुजून स्नायु लुळे पाडणारें विष उत्पन्न करतात. वैद्यकशास्त्रास हें १९७६ पासून ठाऊक आहे. सहाणेवरची गुटीहि याच कारणानें थांबवावी. साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांनीं कौतुकानें कंदी पेढ्याचें बोट चाटवूं नये. आणि काजळ? पुष्कळ काजळांत शिसें सांपडतें, व तें मेंदूस घातक असतें. दृष्टीची तीट लावावयाचीच असेल, तर ती पाळण्याच्या खांबास लावावी. सासूबाईंशीं वाद न घालतां हें बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून वदवावें. सुनेनें सांगितलेलें शास्त्र घरांत सहसा चालत नाहीं.

एका गोष्टीवर मात्र विशेष भर द्यावासा वाटतो. भरल्या घरांत बहिरें मूल फार दिवस लक्षांत येत नाहीं. कोणी तरी नेहमीं त्याच्या डोळ्यांसमोर असतें, पावलांनीं जमीन हादरते, दार उघडतांच उजेड हलतो, आणि मूल वळून पाहतें. पाहणाऱ्यास वाटतें, त्यानें ऐकलें. आरंभीं तें इतरांसारखेंच हुंकारतें, त्यामुळें संशय येत नाहीं. पुढें बोलेना, तर "आमच्या घराण्यांत मुलें उशिरांच बोलतात" या वाक्यानें आणखी दोन वर्षें जातात. ज्या घराण्यांत मामाच्या मुलीशीं लग्नें होत आलीं, तेथें जन्मजात बधिरतेचा संभव अधिक असल्यानें तेथें हें वाक्य तर उच्चारूंच नये. बाळ शांत असतांना पाठीमागून, स्पर्श न करतां, साध्या आवाजांत हांक मारून पाहावें. टाळी जवळ वाजवूं नये, तिचा वारा गालास लागतो. पण ही घरगुती परीक्षा पुरेशी नव्हे. महिन्याच्या आंत श्रवणयंत्रावर तपासणी, तीन महिन्यांच्या आंत निदान व सहा महिन्यांच्या आंत उपचारास आरंभ, अशी तज्ज्ञांनीं घातलेली मर्यादा आहे. ती पाळली तर पुष्कळ मुलें बोलावयास शिकतात. तपासणी राहून गेली असेल, तर ती याच महिन्यांत करून घ्यावी. डोळ्यांच्या बाबतींत, चार महिन्यांनंतरहि तिरळेपणा टिकला, किंवा छायाचित्रांत एका डोळ्याच्या बाहुलींत पांढरी चमक दिसली, तर दुसऱ्या दिवसाचीहि वाट न पाहतां नेत्रतज्ज्ञांस दाखवावें.