जीपच्या चाकाचं दुखणं

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी का येते, तांदळात किडे होऊ नयेत म्हणून काय करावं, हे सगळं या सदरात आपण बोललो. आज बोलायचं आहे जीपच्या चाकाबद्दल. हसू नका! "ते पुरुषांचं काम" म्हणून पान उलटणार असाल, तर जरा थांबा. त्या गाडीत तुमचीच मुलं बसतात ना?

आमच्या साकोलीकडे धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या जुड्या, खताची पोती, कधी कधी अर्धं गाव, सगळं आमच्या जुन्या फोर-व्हील जीपमधून बांधीपर्यंत जातं. वाटेत नाला लागतो. त्याचं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येतं. जीप पार होते, आपण निर्धास्त होतो. पण चाकाचं दुखणं नेमकं तिथंच सुरू होतं. धावून तापलेला हब थंड पाण्यात पडला की आतली हवा आकसते आणि सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीसचं होतं ताक! पांढुरकं, पातळ आणि निरुपयोगी.

मागच्या पावसाळ्यानंतर मला आठ दिवस पुढून एक घूं-घूं आवाज येत होता. यांना म्हटलं, तर म्हणाले, "काही नाही गं, टायरचा आवाज आहे." मीही गप्प बसले. नवव्या दिवशी सासूबाईंचे डोळे दाखवायला भंडाऱ्याला निघालो. मागे दोन्ही मुलं. लाखनीला चहाला थांबलो तेव्हा मी उतरून चाकांच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू नेली. उजवं चाक कोमट होतं. डाव्याजवळ हात ठेववेना, आणि जळक्या ग्रीसचा वास! मी म्हटलं, "मी यात बसणार नाही, मुलांनाही बसवणार नाही." हे चिडले, वेळ चुकेल म्हणाले. पण सासूबाईच म्हणाल्या, "बाप्पा, सून म्हणते तं एस.टी.नं जाऊ ना!" आम्ही एस.टी.नं गेलो, हे तिथंच मिस्त्रीकडे.

मिस्त्रीनं चाक उघडलं आणि नंतर मला दाखवलं. बेअरिंगचे रोलर निळे पडलेले, पिंजरा तुटायला आलेला. "वहिनी, आणखी थोडं गेलं असतं तं चाक जाम झालं असतं." आदल्या वर्षी कुणीतरी नट गच्च आवळला होता आणि जुनंच सील परत बसवलं होतं. सीलसारख्या छोट्या वस्तूची काटकसर, बरं का!

आता थोडं समजून घेऊ. जात्याची पाळी खुंट्याभोवती फिरते. खुंटा सैल झाला तर पाळी डुगडुगते, घट्ट झाला तर फिरत नाही. चाकाचंही तसंच. आपल्या जुन्या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन बेअरिंगं असतात, एक आत, एक बाहेर. त्यांचे रोलर निमुळते असतात, कारण वळताना चाकावर बाजूनंही जोर येतो. असं बेअरिंग अमेरिकेतल्या हेन्री टिमकेन नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिरानं काढलं आणि 1898 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे मूळ दुखणं घोडागाडीचंच!

दुखणं ओळखायचं कसं? आवाज वेगाबरोबर वाढतो. रस्ता बदलला की बदलला तर बहुधा टायर, तसाच राहिला तर बेअरिंग. उजवीकडे वळताना वाढला तर संशय डाव्या चाकावर, कारण भार तिकडे जातो. मग मागच्या चाकांना दगड लावून, जीप जॅकवर घेऊन, चाक वरून-खालून धरून हलवून बघायचं. डुगडुगलं तर दुसऱ्यानं ब्रेक दाबायचा. डुगडुग थांबली तर बेअरिंग सैल, न थांबली तर दोष किंग-पिनचा. ब्रेक दाबायचं हे काम आमच्या घरी माझं!

उजव्या बाजूचं काम आम्ही घरीच केलं. चाकाचे नट जीप जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग जीप उचलून खाली भक्कम ठोकळे द्यायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कुणी जायचं नाही. चाक काढलं, पुढचा फ्लँज सोडला, बाहेरचा नट, दुमडलेला वॉशर, आतला नट काढला की ड्रमसकट हब हातात येतो. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, पुसून उजेडात धरा. खड्डे, निळसर डाग, ओरखडे दिसले तर नवं घ्या, आणि ते कप-कोन जोडीनंच. जुना कप ठोकून काढायला पितळेचा सुंभा वापरतात. पितळ मऊ, हबला इजा करत नाही. आपल्या भंडाऱ्याच्या पितळेचा हाही एक उपयोग!

ग्रीस भरणं म्हणजे पुरणपोळीत पुरण भरणं. तळहातावर चाक-बेअरिंगचं ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं. पलीकडून रोलरांच्या फटींतून ग्रीस वर आलं की झालं. जुन्या ग्रीसमध्ये नवं मिसळू नका. ब्रेकच्या पट्ट्यांना तर बोटभरही लागू देऊ नका. सील दर वेळी नवं. मग चाक फिरवत नट जड होईपर्यंत आवळायचा आणि सुमारे एक षष्ठांश वेढा मागे घ्यायचा. चाक मोकळं फिरावं, पण डुगडुगू नये. शेवटी वॉशर, दुसरा नट आणि वॉशरची कड दुमडणं. ती दुमड म्हणजे दाराची कडी, विसरलात तर सगळं व्यर्थ. दहा किलोमीटर फिरून आल्यावर हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

हे सगळं प्रत्येकीनं स्वतः करावं असं मी म्हणत नाही. पण नाल्यातून गाडी नेली असेल तर पावसाळा संपताच चाकं उघडून घ्या असं सांगा, नवं सील बसवलं का ते विचारा, आणि आवाज ऐकू आला तर आठ दिवस गप्प बसू नका. मी बसले, ती माझी चूक. आता आमचे हे जीप सुरू केली की आधी मला विचारतात, "ऐक गं, काही वेगळं वाटतं का?"